नापास बोर्ड

मुरबाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात मी लागले, तेव्हा तिथे टीव्हीच्या स्टॅबिलायझरचे बोर्ड बनायचे. लांब टेबलाला आम्ही बायका ओळीने बसायचो. बोर्डाच्या भोकांत सुटे भाग बसवायचे आणि वितळलेल्या कथलाने पक्के करायचे. धुराने डोळे चुरचुरायचे, पण बोलणं थांबायचं नाही. कुणाची भाताची आवणी उरकली, कुणाची सासू रुसली, सगळं तिथेच कळायचं.

मग सुपरवायझरने मला टेस्टिंगला घेतलं. काचेची बंद खोली आणि आत मी एकटी. पिनांच्या पाटावर बोर्ड ठेवून दांडा दाबायचा. हिरवा दिवा लागला की पास. लाल लागला तर चुकलेल्या जोडावर खूण करून, जिचा बोर्ड तिला बोलावून परत द्यायचा. गावाकडे शेणव्याला घरी वाटलं, पोरगी साहेब झाली. इकडे डबा खायला बसले की बायकांचं बोलणं आखडायचं. भांडलं कुणी नाही. नुसत्या सरकून जागा द्यायच्या, पाहुणीला देतात तशी.

एकीचे बोर्ड सारखे नापास व्हायचे. डोंगराकडच्या पाड्यावरची, माझ्याहून मोठी. दाराशी येऊन हसायची, "आज परत माझाच काय गो?" बोर्ड घेताना दोन शब्द जास्तीचे बोलायची. रानात करटोली लागल्याचं, मुलीच्या तापाचं. मी तिची वाट बघायला लागले.

एकदा तिने कथील भलतीकडेच टाकलेलं. मी त्यावर बोट ठेवलं. "ताई, हे दिसतं का तुला?"

ती बोर्ड डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. "खरं सांगू? अंदाजानंच लावते. कोनाला बोलू नको, कामावरून काढतील."

"नाय बोलत. रविवारी माझ्यासंगती शहापूरला चल. डोळे तपासू."

"चष्मा? पाड्यावर हसतील मला."

"हसू दे."

रविवारी एसटीने गेलो. चष्मेवाल्याने डोळ्यांवर काचा चढवल्या, तशी ती माझ्याच तोंडाकडे बघत राहिली. "तुझ्या कपालावर तीळ हाय गो! मला म्हाइतच नव्हता." परतताना सापगावच्या पुलावर ती खिडकीला चिकटून नदीतले दगड बघत होती, लहान मुलीसारखी.

त्यानंतर तिचे बोर्ड पास व्हायला लागले. सुपरवायझरने तिला शाबासकी दिली, बायकांनी चष्म्याची थट्टा केली. खोलीत यायचं कारण मात्र उरलं नाही. ती मला टाळत नव्हती, काम सोडून उठायची सोयच नव्हती. काचेतून तिचं हसणं दिसायचं, ऐकू यायचं नाही.

एक दिवस मी सुपरवायझरला विचारलं, "मला परत टेबलावर घ्याल का?"

तो हसला. "वर चढल्यावर खाली यायला कोण मागतं?"

कारखाना बंद होईपर्यंत मी त्याच खोलीत बसले.