पक्के काकांच्या उठाबशा

पक्के काकांना काकूंनी रोज दुपारी शंभर उठाबशांची शिक्षा ठोठावली आहे, ही बातमी समोरच्या लाँड्रीवालीने पसरवली. तिला तरी बोल कसा लावायचा? काकांच्या दुकानाच्या खिडकीची खालची अर्धी काच रंगवलेली. वरच्या अर्ध्या काचेतून तिला रोज एकच देखावा दिसे: काकांचं टक्कल वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. बासष्टाव्या वर्षी माणूस हौसेने एवढं उठबस करत नाही. मग गल्लीने गुन्हाही शोधायला घेतला. कुणी म्हणे चहात चोरून साखर घातली, कुणी म्हणे जुनी पत्रं सापडली.

खरी गोष्ट एवढीच, की काका सायकलवर बसत होते.

सायकल भाच्याची. जाड टायरांची, डोंगरउतारावर उड्या मारायची. तिची सीट जागच्या जागी वरखाली व्हायची: हँडलवरचा खटका दाबून बसलं की खाली, खटका दाबून उठलं की आपोआप वर. म्हणजे एकेकाळी व्हायची. आता खाली गेलेली सीट वर येईना, तेव्हा भाच्याने नवी सायकल घेतली आणि ही मामाच्या दारात आणून टाकली. "मामा, भंगारात द्या, नाहीतर लोणचं घाला."

मामांचा धंदा ऑफिसातल्या फिरत्या खुर्च्या दुरुस्त करायचा. बसकी झालेली खुर्ची पुन्हा ताठ करण्यात तीस वर्षं गेलेली. बोल्ट आवळून झाला की दातओठ खाऊन पाना आणखी एकदा ओढायचा आणि म्हणायचं, "पक्कं!" त्यावरूनच नाव पडलं. त्यांनी आवळलेला बोल्ट सोडवायला पुन्हा त्यांनाच बोलवावं लागे. काका याला दोष समजत नसत, जाहिरात समजत.

पण या सायकलीत त्यांचा जीव अडकला तो काकूंपायी.

काकू शिवणकाम करतात. कापड आणायला, मापं घ्यायला, टेकाडापलीकडे बहिणीकडे, त्या सगळीकडे सायकलनेच जायच्या. दीड वर्षापूर्वी एका सकाळी म्हणाल्या, "अहो, सीट हलतेय." काका म्हणाले, "संध्याकाळी आवळतो." सीट काही संध्याकाळपर्यंत थांबली नाही. वळणावर कलली, काकू पडल्या, गुडघ्याची वाटी फुटली. त्यावर काकू आजवर चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि काकांना तेच जास्त लागलं. तेव्हापासून त्यांच्या घरात सैल असं काही उरलं नाही. बरण्यांची झाकणं उघडायला काकू शेजारी हाका मारतात.

गुडघा बरा झाला, पण पुरता दुमडत नाही. सीट खाली ठेवली तर पॅडल मारता येत नाही. वर ठेवली तर पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि पाय टेकल्याशिवाय काकूंना धीर होत नाही. बहिणीकडे सोडायला माणसं तयार होती. काकू म्हणायच्या, "मला कुणी नेलेलं नको. मला जायचंय."

थांबताना खाली आणि चालवताना वर, अशी सीट भाच्याने स्वतःहून दारात आणून टाकली होती! काका काकूंना काही बोलले नाहीत. आधी चालू तर होऊ दे.

गंजलेली वायर बदलली. सीटचा दांडा बाहेर काढून पुसला, ग्रीस लावलं. हातात धरून पाहिला तर सटासट वरखाली. फ्रेममध्ये घातला, फ्रेमच्या तोंडाशी दांडा धरून ठेवणाऱ्या कड्याचा बोल्ट आवळला, "पक्कं!" म्हटलं, बसले, उठले. सीट खालीच. दांडा आत हलत असेल म्हणून अडतोय, असं त्यांच्या मनाने घेतलं. म्हणून दरवेळी बोल्ट आणखी थोडा आवळायचा, पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं. असे वीस दिवस गेले.

एकविसाव्या दुपारी काकू दुकानात आल्या. "मी तुम्हाला शिक्षा दिलीय म्हणे? लाँड्रीवाली विचारत होती, किती दिवसांची."

काका सीटवर बसलेले, घामाघूम. "तिला म्हणावं, इस्त्री सांभाळ."

"ही भाच्याला परत द्यायची?"

"नाही."

"मग कुणासाठी एवढा घाम?"

काकांनी फडक्याने खटका पुसायला घेतला. काकूंनी सीट पाहिली, स्वतःचा गुडघा पाहिला, आणि स्टूल ओढून बसल्या. "दाखवा, काय अडतंय ते."

काकांनी दाखवलं. काकू म्हणाल्या, "बाहेर चालतो आणि आत चालत नाही? मग आत त्याचा गळा कोण धरतंय?"

"आत कोण असणार? मी फक्त आवळतो."

"तेच म्हणते मी. मशीनवर धागा जास्त ताणला की कापड चुण्या धरतं. मी स्क्रू जरा सोडते. तुम्हीही सोडा."

काकांनी बोल्टला पाना लावला, पण हात फिरेना. "आणि सैल राहिलं तर? पुन्हा तसंच..."

"पडले कोण? मी ना? मग मी म्हणतेय, सोडा."

तरी हात फिरेना. मग काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. पाना अर्धा फेरा मागे फिरला. काकूंनी खटका दाबला आणि सीट सुस्कारा टाकल्यासारखी वर आली. काकांनी ती दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन पिळली. जागची हलली नाही.

रविवारी सकाळी काकू दोन्ही पाय जमिनीला टेकून सीटवर बसल्या. चार हात पुढे गेल्यावर जरा उठून खटका दाबला, सीट वर आली, आणि बाई टेकाडाकडे निघाल्या. काका खिशात पाना घालून कोपऱ्यापर्यंत धावले आणि तिथेच उभे राहिले. चढावर काकू थांबल्या, पाय टेकले, हात हलवला, पुन्हा निघाल्या आणि पलीकडे दिसेनाशा झाल्या.

लाँड्रीवाली दारातच होती. काकूंनी तिला सगळी हकीकत सांगितली होती. "काय काका, जन्मभर आवळलंत आणि शेवटी सैल करावं लागलं ना?"

काकांनी टेकाडावरची नजर काढली नाही.

"सैल नाही ते. बेताचं घट्ट आहे."