खल आमच्याकडे, बत्ता शेजारणीकडे

ये इकडे, अशी जवळ बस. दारातूनच डबा घेऊन पळायची तुझी खोड कधी जाईल गं? भनपुरीहून इथवर येतेस, गाडी बंदसुद्धा करत नाहीस, "मावशी, जल्दी में हूँ" म्हणतेस अन् फुर्र. मी जपानला जाऊन आले, तर तू विचारलंस काय? "मावशी, तिथली गाडी किती फास्ट पळते?" अगं, माझी पोट्टी राहते त्या गावात दोनच डब्यांची गाडी येते, तीही रिकामी.

समुद्र अन् डोंगर यांच्या मधात चेपलेलं गाव. आपला पारा, हा एवढासा मोहल्ला, त्याहून मोठा. धक्क्यावर माणसांपेक्षा मांजरी जास्त. दोरीवर चिमटे लावून मासे वाळत घातलेले, आपण बनियन घालतो तसे. संध्याकाळी खांबावरचा भोंगा गाणं वाजवतो, की पोरांनो, आता घरी जा. गावात पोरंच नाहीत! सगळे म्हातारे. मी गेले तर मीच तिथली तरणी झाले. पोट्टी तिथल्या वृद्धाश्रमात नर्स आहे, तिले कामाची काही कमी नाही.

मले मात्र एकच घोर लागला. पोट्टी एकटी. गल्लीतले लोक कमरेतून वाकून नमस्कार करतात अन् दार लावून घेतात. मी म्हटलं, "तुले ताप आला तर पाणी कोण देईल?"

"आई, यहाँ कोई किसी के घर ऐसे ही नहीं जाता. बहाना चाहिए."

"मग चल रायपूरले."

"आई, प्लीज़!"

झालं. विषय बंद.

तिथं कचऱ्याचंही टाइमटेबल असते. भाजीच्या देठांचा वार वेगळा, बाटल्यांचा वेगळा, फुटक्या भांड्यांचा वेगळा. पोट्टीनं मले सगळं समजावलं, मी काही ऐकलं नाही. एका सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर एक खल दिसला. भाजक्या मातीचा, बाहेरून तपकिरी, आतून नुसत्या रेघाच रेघा. कुठं टवकाही उडालेला नाही. गोल बाजारातली भांड्यांची सगळी दुकानं पालथी घातली तरी असा मिळायचा नाही. घेतला पदराखाली अन् आणला घरी. चोरी काहून? टाकलेलं उचललं. आपल्याकडे तर कबाडीवाला वरून घासाघीस करतो.

अभनपूरच्या बाजारातल्या लाल मिरच्या मी सुटकेसमधून नेल्याच होत्या. तव्यावर भाजल्या. अख्खी गल्ली खोकायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा लोक दाराबाहेर आलेले पाहिले! मी आपली लाटण्याच्या टोकानं लसूण-मिरची कुटून राहिली होती. तेवढ्यात समोरच्या घरातली म्हातारी आमच्या खिडकीशी आली. माझ्याहून मोठी, पाठ वाकलेली. नजर माझ्यावर नाही, खलावर.

पोट्टी आतून धावत आली. "आई! ये कहाँ से उठाया?"

"कोपऱ्यावरून."

"ये इनका है! यहाँ कचरे से कोई कुछ नहीं उठाता. नाक कटवा दी मेरी!"

मग पोट्टी वाकली. म्हातारी वाकली. पोट्टी आणखी वाकली. मी लाटणं घेऊन उभी. माझे गुडघे-कंबर काही ऐकत नाहीत, मी नुसती मान हलवली. म्हातारी वळली अन् निघून गेली.

"अब पूरे गाँव में बात फैलेगी."

"फैलू दे. निदान तू इथं राहतेस हे तरी कळेल लोकांले."

अन् म्हातारी परत आली की! हातात लाकडी बत्ता, वापरून वापरून काळा झालेला. माझ्या हातातलं लाटणं तिनं मेलेल्या पालीसारखं बाजूले ठेवलं. कुटायचं नसते म्हणे, गोल गोल फिरवायचं. पोट्टीनं तिचं बोलणं समजावून सांगितलं. नवरा गेला, पोरं शहरात. एकटीसाठी काय वाटायचं, म्हणून ती घर रिकामं करत होती. खल मातीचा, बत्ता लाकडाचा. दोघांचे कचऱ्याचे वार वेगळे, म्हणून बत्ता तेवढा वाचला होता.

तिनं बोटानं ठेचा चाटला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, अन् पुन्हा बोट.

तेव्हापासून रोज तीळ घेऊन यायची. मीही तिच्याकडे जायची. तिच्या घरी बुद्ध कपाटात राहतो. सकाळी दार उघडून ती त्याले भात दाखवते. आमच्याकडे तो भिंतीवर, मेणबत्ती अन् हारावर भागवतो. मी हात जोडले, तिनंही जोडले. भाषा नव्हती म्हणून भांडणही झालं नाही.

निघायच्या दिवशी ती म्हणाली, खल-बत्ता दोन्ही घेऊन जा. कापडात बांधायले लागली. मी गाठोडं सोडलं. खल पोट्टीच्या ओट्यावर ठेवला, बत्ता म्हातारीच्या हातात दिला.

"आई, सेट काहे तोड़ रही हो?"

"तू गप बस."

म्हातारीनं खलाकडे पाहिलं, बत्त्याकडे पाहिलं, पोट्टीकडे पाहिलं. मग तोंडावर हात ठेवून अशी हसली की खोकला लागला, मिरच्या नसतानाही!

परवा पोट्टीचा फोन आला. ताप होता, ड्यूटीवर गेली नव्हती. म्हातारी बत्ता घेऊन तीळ वाटायले आली. दार उघडेना तर बेल वाजवतच राहिली. मग आत शिरून भाताची पेज करून पाजली, वरून रागावली. खल राहिला बाजूलेच.

"आई, सच बताओ, ये आपकी चाल थी ना?"

"हव," मी म्हटलं. अन् रायपूरले चल म्हणायचं त्या दिवशी विसरूनच गेले.

चल, ऊठ आता, तुले जल्दी असेल. डब्यावर ताटली झाकून ने, अन् झाकण शोधू नको. ते माझ्याजवळ आहे. घ्यायले ये लवकर, अन् गाडी बंद करून ये.