वाढत्या मापाचं धनुष्य

जाफराबादच्या स्टँडमागे फवारणी पंप दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. नाव मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. तो पूर्वी तिरंदाजी खेळायचा, म्हणून पुतणीसाठी घेतलेलं जुनं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य मी तिच्यासकट त्याच्याकडं नेलं. चार दिवसांवर तिची जिल्ह्याची निवड होती आणि पोरीला ते अर्धंही ओढवत नव्हतं. बैलजोडी जुंपली असती, तर बैलांनीही राजीनामा दिला असता.

"कोणाच्या मापाचं आणलं?"

"वाढत्या मापाचं," मी ऐटीत म्हणालो. "पोरगी वाढून राह्यली. दोन वर्षं पुराया पाहिजे."

बिघडलेल्या पंपाकडं बघावं तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. "साहेब, शाळेचा गणवेश घ्यायला गेल्ते का?"

मग त्यानं पुतणीला हात पसरायला लावून या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप धरला. टोकांच्या चाकांवरचे स्क्रू सरकवून ओढ आखूड केली. ओढायला जोर कमी लागावा म्हणून वरचा बोल्ट जितके वेढे ढिला केला, बराबर तितकेच खालचा. मी रिकामी दोरी ओढून सोडायला गेलो, तर त्यानं हातावर पाना हाणला.

"बाणाबिगर सोडलं तर धनुष्य फुटतं. रिकामं सोडायला तुमचं तोंड हाये ना."

मग तिला म्हणाला, "बेटा, ओढ. कुठं दुखतं सांग."

तिनं ओढलं, सावकाश परत आणलं आणि खांद्यामागं बोट ठेवलं. त्यानं दोन्ही बोल्ट आणखी अर्धा वेढा सोडले. आता तिनं ओढून धरलं, तर दहा मोजेपर्यंत तिचा हात हलला नाही.

महिनाभर मी सात गावांना ऐकू जाईल असं "जोर लाव" ओरडत होतो. कुठं दुखतं, ते विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.