शंभराचा काटकोन

हसायचं नाही, या अटीवर सांगते. चूक यंत्राची नव्हती हे मला मान्य आहे. माझी होती, हे मात्र माझ्या तोंडून वदवून घेऊ नका!

मी मूळची सांगलीची. इंदूरला विजय नगरच्या पुढे एका कॉलेजात सर्व्हेइंग शिकवते. आमच्या लॅबमध्ये कोन मोजायचे जुने थिओडोलाइट होते. त्यांचा चिमुकला आरसा उन्हाकडे वळवायचा, उजेड आतल्या काचेच्या तबकडीवर पाडायचा आणि एक डोळा मिटून अंशांच्या रेघा वाचायच्या. मला ते भंगारात घालायचे होते. कोन मोजायचं नवं इलेक्ट्रॉनिक यंत्र, टोटल स्टेशन, आलं होतं ना! त्यात रेघा सेन्सरच मोजतात, आकडा थेट स्क्रीनवर.

पण आमच्याच विभागातल्या दिघे सरांचा जुन्यावर जीव. इथे इंदूरच्याच परदेशीपुऱ्यात जन्मलेले, रिटायर व्हायला आलेले. शेवटी प्रिन्सिपल म्हणाले, दोन्ही एकाच कोपऱ्यावर लावा. जुनं हरलं तर भंगारात.

कॉलेजच्या नव्या इमारतीचा कोपरा ठरला. दिघे सरांनी आरसा फिरवला, डोळा मिटला आणि नव्वद अंश सांगितले. मी बटण दाबलं. शंभर.

मी गप्प बसेन का? "सर, तुमच्या यंत्राला चष्मा लागलाय," म्हटलं. प्रिन्सिपल म्हणाले, भिंत तर काटकोनात दिसतेय. मी म्हटलं, दिसण्यावर जाऊ नका, इमारतच दहा अंश वाकडी बांधलीय. झालं! त्यांनी उभ्या उभ्या ठेकेदाराला फोन करून झापलं. तो बिचारा शपथा घेतोय आणि मी त्याला फोनवर भूमिती शिकवतेय.

दिघे सर शांतपणे म्हणाले, "मॅडमजी, एक पूरा चक्कर लावून बघा तो सही."

लावला. आकडा तीनशे साठ ओलांडून पुढेच निघाला. चारशेला टेकला तेव्हा कुठे शून्यावर आला.

आदल्या दिवशी ऐटीत मीच सगळी बटणं दाबून पाहिली होती. त्यात अंश जाऊन 'गॉन' लागलं. त्या मापात काटकोन शंभराचा. आकड्याशेजारी बारीक 'जी' दिसत होता. मला वाटलं, गुड!

तरी मी हटले नाही. शंभर गॉन म्हणजे नव्वद अंशच, म्हणजे माझं यंत्र बरोबर, असं ठणकावलं.

"यंत्र बरोबरच आहे," प्रिन्सिपल म्हणाले. "जुने थिओडोलाइट राहतील. आणि ठेकेदाराला सॉरी तुम्ही म्हणा."

म्हटलं. ताठ मानेनं म्हटलं.

परवा वर्गात पोरं खुसफुसत होती. एकाला उभं केलं, अंश आणि गॉनमधला फरक विचारला. तो म्हणाला, "मॅडम, नव्वदपर्यंत नॉर्मल. शंभर झाले की गॉन केस."

पूर्ण मार्क द्यावे लागले.