पुस्तकातला भूतकाळ

फ्रेंचच्या बाईंचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर उठून दार लावून घेत. त्यांचं काही चुकत नव्हतं. बाईंच्या वर्गात सहा मुली एकामागून एक उभ्या राहत आणि ठणठणीत आवाजात म्हणत: पार्ले, पार्ला, पार्ला, पार्लाम, पार्लात, पार्लेर. मी बोलले, तू बोललीस, ती बोलली, आम्ही बोललो, तुम्ही बोललात, त्या बोलल्या. शेवटचा शब्द भिंतीवर आपटून परत यायच्या आत पहिली मुलगी दुसरं क्रियापद घेऊन उभी असे. विहिरीवर रहाट फिरावा तसा तो वर्ग फिरत राही. बाई टेबलाला टेकून, डोळे मिटून, कुठला पोहरा रिकामा वर आला तेवढं ऐकत.

क्रियापदांचा हा काळ मोठा मानी. फ्रेंच माणूस पाव मागतो, पोराला रागावतो, काल शेजाऱ्याशी भांडण कसं झालं ते रंगवून सांगतो. पण त्यात हा भूतकाळ चुकूनही येत नाही. बोलायला त्यांचा दुसरा भूतकाळ आहे, दोन तुकडे जोडून केलेला, रोजच्या वापरातला. हा मात्र एकसंध, आणि तो पुस्तकातच राहतो. त्यात राजे मरतात, जहाजं बुडतात, बायका एका वाक्यात घर सोडून जातात. नाव त्याचं साधा भूतकाळ. पण कपाटात काचेआड ठेवलेल्या, पाहुण्यांनाही न काढायच्या भांड्यांइतकाच तो साधा.

बाईंना तो का आवडे, हे कळायला त्यांच्या माहेरी जावं लागेल. तिथे सात बहिणी होत्या. सातजणींत एक अंथरूण, एक कंगवा, आणि बोलायलाही एकच शब्द, ‘आम्ही’. आम्ही जेवलो, आम्ही पडलो, आम्हाला ताप आला. बाप हाक मारताना सगळ्यांची नावं एका दमात घेई, आणि जी ओ देई ती कामाला लागे. अशा घरातली ही मुलगी शाळेत फ्रेंचच्या वर्गात बसली. तिथल्या म्हाताऱ्या शिक्षिकेची रीत अशी, की सहा मुलींना वर्षभरासाठी व्याकरणातले सहा पुरुष वाटून द्यायचे. एक ‘मी’, एक ‘तू’, एक ‘ती’, आणि तसंच पुढे. तिने खिडकीजवळच्या जागेकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “तू आजपासून ‘मी’.”

वर्षभर त्या वर्गात दुसरं कोणी ‘मी’ नव्हतं. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, केस पिकले. पण इतकं मोठं दान बाईंना पुन्हा कोणी दिलं नाही.

म्हणून स्वतः शिक्षिका झाल्यावर त्यांनी ती रीत तशीच चालवली. चुणचुणीत मुलीला ‘मी’. दमदार आवाजाच्या मुलीला ‘त्या’, कारण तो शेवट पेलायला छाती लागते. आणि जी ना हुशार ना ढ, अशा मुलीला ‘तू’. पुस्तकातसुद्धा या काळात ‘तू’ क्वचितच भेटतो. कोण कोणाला तोंडावर असं लिहिल्यासारखं बोलणार? बाई हे मुलीला स्पष्ट सांगत. “तू चुकलीस तरी कोणाचं काही बिघडणार नाही. बस तिथे.” यात आपण कोणाला दुखावतो असं त्यांच्या मनातही आलं नाही. शेतात बांधालाही माती लागते, असा त्यांचा हिशोब.

त्यातलीच एक ‘तू’ या वर्षी मुख्याध्यापिका होऊन शाळेत आली.

बाईंचे यजमान शिंपी. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती, आणि त्या टाचण्या शब्दांतूनही बाहेर येत.

“अहो, ऐकलंत का? ती माझी ‘तू’ आली मुख्याध्यापिका होऊन,” बाई म्हणाल्या.

“मग आता तिला ‘तुम्ही’ म्हणायला शीक.”

“शिकवलंय मीच तिला.”

“म्हणून तर सांगतोय. ज्याला आपण माप देतो, तोच एक दिवस आपलं माप घेतो.”

माप लवकरच घेतलं गेलं. मुख्याध्यापिकेने बाईंना खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मग सांगितलं, की पुढच्या वर्षापासून पुस्तकातला भूतकाळ शिकवायचा नाही. त्याऐवजी हॉटेलातलं, दवाखान्यातलं, स्टेशनवरचं बोलणं. मुलींना त्यावर नोकऱ्या मिळतात.

“फ्रेंच राहील, बाई. तुम्हीही राहाल. फक्त हा काळ जाईल.”

“काळ गेला तर मी राहून काय करू?” असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या म्हणाल्या, “एकदा माझ्या वर्गात येऊन बसा. मग ठरवा.”

“येते की. उद्याच येते.”

घरी हे ऐकून यजमानांनी मशीन थांबवलं. “माझा बाप रुंद पायघोळ विजारी शिवायचा. काय शिवायचा! पण गिऱ्हाईक बदललं. मी त्याच विजारी शिवत बसलो असतो तर आज आपण दोघं त्या घालून उपाशी बसलो असतो.”

“भाषा म्हणजे विजार नव्हे.”

“तेच तर. विजारीने निदान अंग झाकतं.”

बाई उठल्या. कपाटातून चांगली साडी काढून इस्त्री करत बसल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका मागच्या बाकावर येऊन बसली. रहाट सुरू झाला. आधी सोप्या घराण्यातली क्रियापदं, मग उरलेली दोन घराणी. एरवी ही दोन घराणी एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत, पण या काळात दोघांचे शेवट एकच, जणू चुलतभावांनी एकाच ताग्यातलं कापड घ्यावं. फिनी, फिनी, फिनी, फिनीम, फिनीत, फिनीर. मुली आज अशा म्हणत होत्या, की वारासुद्धा खिडकीशी थांबून ऐकत असावा. मग ‘वाट पाहणे’ हे क्रियापद आलं. ‘मी’ने तिचं म्हटलं. ‘तू’ उभी राहिली आणि अडली. तोंड उघडं, शब्द नाही. ना हुशार ना ढ, अशीच ती मुलगी होती.

वर्ग गप्प झाला. बाईंनी डोळे उघडले.

“आताँदी,” मागून आवाज आला.

मुख्याध्यापिका उभी होती. आपण कधी उठलो हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. पुढच्या मुलीने शब्द उचलला आणि रहाट पुन्हा चालू झाला. मुख्याध्यापिका उभीच राहून आपली पाळी आली की ‘तू’चं म्हणत गेली, आणि तास संपला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिने बाईंचा हात हातात घेतला, काही बोलली नाही आणि गेली.

बाई वर्गातून निघाल्या त्या जिंकूनच. व्हरांड्यात गणिताचे मास्तर भेटले.

“आता दार लावायची सवय सोडा मास्तर. मी आहे तोवर ऐकावंच लागणार.”

“आमची गणितं चुकतात हो बाई.”

“ती तशीही चुकतात.”

घरी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. पाणावलेले डोळे दोनदा सांगितले. यजमानांनी एवढंच विचारलं, “म्हणजे निर्णय बदलला?”

“तोंडाने बोलायची गरज होती का?”

“मला वाटतं, होती.”

सकाळी बोलावणं आलं. पुन्हा खुर्ची, पुन्हा चहा. निर्णय तोच होता.

“पण काल तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं,” बाई म्हणाल्या.

“आलं ना. लहानपण आठवलं. आपलं जुनं घर दिसलं तरी येतं, बाई. म्हणून कोणी तिथे परत राहायला जातं का?” ती सावकाश, समजुतीने बोलत होती. “तुम्ही इतकं पक्कं शिकवलंत, की झोपेतही म्हणेन. पण खरं सांगू? एवढ्या वर्षांत मला ते कुठे म्हणावंच लागलं नाही.”

बाईंचा तोल गेला. ‘तुम्ही’ गळून पडलं. “तुला राग आहे माझा. मी तुला ‘तू’च्या जागी बसवलं, म्हणून हा सूड. खरं बोल.”

मुख्याध्यापिका हसली, आणि ते हसणं खरं होतं. त्यात कुठे काटा नव्हता. “कसला राग, बाई? मी कोण होते तेच विसरले होते. ती मुलगी अडली, तेव्हा आठवलं.”

राग असता तर बरं झालं असतं. रागाला मूळ असतं. मूळ असलं म्हणजे आपण कुठेतरी खोल गेलो होतो असं तरी म्हणता येतं. बाई चहा तसाच ठेवून उठल्या. शिपायाने हटकलं, “बाई, चहा?” त्यांना ऐकू आलं नाही.

नोकरी त्यांनी सोडली नाही. वर्गाबाहेर उभं कसं राहायचं हे त्यांना माहीत नव्हतं. नव्या वर्षी बाकं सरकवून काउंटर केला. मुली हॉटेलातल्या बायका झाल्या आणि बाई प्रवासी, जिची बॅग हरवली आहे. बाईंनी रोजच्या, दोन तुकड्यांच्या भूतकाळात सांगायला सुरुवात केली. बॅग इथेच ठेवली होती, पाठ वळवली आणि गेली. मुलीने सांगितलं, सापडणार नाही. तेव्हा कुठून कोण जाणे, बाई भांडायला लागल्या. काउंटरवर मूठ आपटून, हातवारे करून, अस्सल भांडल्या. मुली हसून हसून बाकांवर कोसळल्या आणि उत्तरं देऊ लागल्या. ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं त्यांनीही दिली. चुकीची दिली, पण दिली.

“बाई, हे आधी का नाही शिकवलंत?” एकीने विचारलं.

दारातून मुख्याध्यापिका बघत होती. “बघा, म्हटलं नव्हतं मी?”

“हो, मॅडम,” बाई म्हणाल्या.

त्या वर्षी फ्रेंचला कधी नव्हत्या इतक्या मुली आल्या. बाई पूर्वीपेक्षा चांगलं शिकवतात असं सगळे म्हणू लागले. ते खरंच होतं, आणि त्याबद्दल त्यांनी कोणालाच माफ केलं नाही. मुलींना नाही, आणि स्वतःला तर नाहीच.