देवीपुढे मोटारीची साक्ष

चहा निवला तर निवू द्या, पण आधी माझी फजिती ऐका. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळली तर तो तिखटमीठ लावून सांगेल, आणि खरं सांगू का, ह्या फजितीला तिखटमीठ लागतच नाही.

माझी ती मोटार आठवते ना? आठवणारच म्हणा. रत्नागिरीत तेव्हा मोटारी मोजक्या, आणि त्यांत लाल, बुटकी, दोनच माणसांची शर्यतीची मोटार एकच. बदली होऊन बोटीने निघालेल्या एका साहेबाने ती माझ्या गळ्यात मारली. मी पडलो वकील. कोर्टात तासभर बोलेन, पण साहेबाला इंग्रजीत नाही कसं म्हणायचं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. तोंडातून नुसतं 'येस सर' निघालं.

आणली खरी, पण ठेवायची कुठे? गोठ्यात. मग गोठ्यातली म्हैस कुठे? अंगणात, मांडवाखाली. आणि म्हैस कुठली, तर आमच्या मंडळींच्या माहेरची, हेदवीहून आलेली. तिच्यावर ह्यांचा माझ्यापेक्षा जीव जास्त. उन्हाळाभर त्या काही बोलल्या नाहीत. पण म्हैस गाभण, पाऊस तोंडावर आलेला. एक दिवस आमटी वाढता वाढता शांतपणे म्हणाल्या, "मृगाच्या आत गोठा मोकळा झाला नाही, तर म्हैस माजघरात बांधीन आणि तुमचं अंथरूण मोटारीत घालीन."

आमची ही बोलते ते करते. मोटार विकणं भाग होतं.

आता विकायची कशी? ओटीवर रोज संध्याकाळी खल सुरू झाला. शेजारचे अण्णा मास्तर म्हणाले, मुंबईच्या वर्तमानपत्रात जाहिरात द्या. कुणी म्हणालं, कोल्हापूरचा दलाल गाठा. मधल्या मध्ये पालीचे खोत येऊन मोटार बघून गेले. मी त्यांना सांगितलं, नुसता घोडा आहे घोडा. त्यांनी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकाला काठी लावून पाहिली, विचार करून कळवतो म्हणाले आणि गेले. आठ दिवस झाले तरी निरोप नाही.

शेवटी हीच म्हणाली, "एवढा घोळ कशाला? देवीला कौल लावा."

पालीच्या वाटेवर टेकडीवर एक देवी आहे. तिचा कौल आसपासच्या सगळ्या गावांत चालतो. मी मोटार घेऊन निघालो आणि ती पायथ्याशीच ठेवली. ती वर का नेली नाही, ते तुम्हाला म्हणून सांगतो. चढ आला की तिच्यातलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचायचंच नाही. मग तिला वळवायची आणि उलट्या गिअरमध्ये, पाठ पुढे करून चढवायची. गिऱ्हाईक शोधत फिरणाऱ्याने असं चार लोकांत दिसू नये.

देवळात पंधरा-वीस माणसं कौलासाठी बसली होती. माझी पाळी आली. गुरवाने देवीच्या दोन बाजूंना दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग माझ्याकडे कान करून म्हणाला, "काय असेल ते खरं खरं सांगा. हितं झाकपाक चालायची नाय."

साक्षीदारांना मी जन्मभर बजावत आलोय, बाबांनो, विचारलं तेवढंच बोला. आणि मी काय केलं? देवीला दया यावी म्हणून गुरवाच्या कानात सगळं ओतलं. मला वाटलं, हे कानातलं कानातच राहील. गुरवाने हात जोडले आणि टेकडीखाली ऐकू जाईल अशा आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवी म्हाराजा! ह्या वकिलानं तुजी पायरी धरलीन. ह्येच्या गोठ्यात मोटार हाय, ती चढावर उलटी चालते."

"होय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

"उतारावर तिचा बिरेक लागत नाय."

"होय म्हाराजा!"

"छप्पर गळता, नि भोंगा आपल्या मनानं वाजता. हिच्यापायी ह्येची गरीब म्हस अंगनात उभी हाय. म्हस गाभन, दूध दाट, कुनाला लाथ मारीत नाय."

"होय म्हाराजा!"

मी गुरवाचं धोतर ओढत होतो, पण तो आता देवीशी बोलत होता, माझ्याशी नव्हे. जाहिरात देऊ का? डावी कळी पडली. दलाल गाठू का? पुन्हा डावी. मग त्याने माझ्या वतीने शब्द दिला की दारात येईल त्या पहिल्या गिऱ्हाइकाला हा रिकाम्या हाताने परत पाठवणार नाही. उजवी कळी टपकन पडली.

"होय म्हाराजा!" ह्या वेळी एक आवाज जरा ओळखीचा वाटला. वळून पाहिलं, तर खांबाला टेकून पालीचे खोत बसलेले. मोटार घ्यावी की नाही, ह्याचा कौल लावायला तेही आले होते. आता त्यांना कौल लावायची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पहिलं गिऱ्हाईक कोण? तेच.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "देवीपुढं तुम्ही काही लपवलं नाहीत. म्हणून मोटार मला नको."

माझा जीव भांड्यात पडला. घोडा म्हणालो होतो त्याचा जाब विचारला नाही, मिटलं म्हणायचं.

"पण म्हशीचंही तुम्ही देवीपुढंच सांगितलंत. ती मी विकत नेतो."

मी आत पाहिलं. ही दाराआड उभी होती. देवीला दिलेला शब्द मोडायची छाती माझ्यात नव्हती, तिच्यातही नव्हती. तिने म्हशीला कुंकू लावलं, भाकरी चारली, डोळे पुसले आणि खोतांना एवढंच विचारलं, "गोठा गळत नाही ना तुमचा?"

"नाही वहिनी. गेल्याच महिन्यात शाकारला."

म्हैस गेली. मृग लागला. म्हशीच्या डोक्यावर छप्पर होतं आणि मोटारीच्याही. हिची तक्रार अशी काही उरली नाही. दूध तेवढं विकत आणू लागलो.

श्रावणात पालीहून निरोप आला की म्हैस व्याली, पारडी झाली. ही म्हणाली, आपल्याला जायलाच हवं. मोटार काढली. ही शेजारी छत्री उघडून बसली, कारण छप्पर तुम्हाला ठाऊकच आहे. मांडीवर बाळंतिणीसाठी गुळाची ढेप. पालीपर्यंत सगळं झकास. पण खोतांचं घर घाटीवर. मग काय करणार? वळवली, आणि भोंगा आपल्या मनाने वाजत असताना, आधी पाठ आणि मग तोंड, असे आम्ही खोतांच्या अंगणात दाखल झालो. आवाज ऐकून सगळी वाडी गोळा झाली होती.

खोत ओटीवरून उठले, माझ्याकडे बोट केलं आणि मोठ्या आदराने लोकांना म्हणाले, "बघा, मी सांगत नव्हतो? हा वकील असून खरं बोलतो."

आणि सगळी वाडी एका सुरात म्हणाली, "होय म्हाराजा!"

त्यात सगळ्यांत मोठा आवाज छत्रीखालचा होता.