गोदामाबाहेर जोतीदादा

जोतीदादाची नक्कल वाटते तेवढी सोपी नाही. शब्द एकच आहे, "थांबा." पण तो बोलायच्या आधी दादा नाकातून बारीक श्वास सोडतो, मग 'थां' लांबवतो, 'बा' गिळून टाकतो आणि त्यानंतर असा काही गप्प बसतो की बघणाऱ्याला स्वतःचा श्वास मोठा वाटायला लागतो. ते गप्प बसणं मी घरी आरशासमोर करून बघितलं. आईने विचारलं, "क्षिप्रा, पोट दुखतंय का गं?"

जोतीराम पिसाळ, वय चौतीस, गाव वाईकडचं, राहायला कोपरखैरण्यात आमच्या मागच्या गल्लीत. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो व्हॉल्व्ह तपासतो. व्हॉल्व्ह घट्ट आवळायचा, आत पाणी भरायचं, पंपाने दाब चढवायचा आणि दहा मिनिटं गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला तर व्हॉल्व्ह गळका, नाही उतरला तर पास. मध्ये हात लावायचा नाही. अकरा वर्षं तो पत्र्याखाली त्याच कोपऱ्यात बसून हेच करतोय. सुपरवायझरची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा हा मालकांकडे गेला. मालक तोंडातलं पान गालात सारून बोलतात: "जोतीलाम, तू टेबल शोडलंश तल माझी कंपनी गळायला लागेल ले!" दादाला हे मी करून दाखवलं की तो खोकला येईपर्यंत हसतो. मग परत जाऊन त्याच टेबलाशी बसतो.

आमच्या गेमिंगच्या संघात तो कसा आला? दोन वर्षांपूर्वी गेमिंग कॅफेत कसलासा फॉर्म प्रिंट करायला आला होता. आमच्यातला सौरभ खेळात एकटा उरला होता, समोरच्या संघाचे तिघं जिवंत. दादा त्याच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला, "आत जाऊ नगंस. तेच भायेर येत्यात बघ." सौरभ म्हणाला, "काका, तुम्ही प्रिंट घ्या ना." पण थांबला. तिघं एकेक करून बाहेर आले आणि सौरभने तिघांना उडवलं. फॉर्म प्रिंटरवरच राहिला. त्या दिवसापासून दादा आमचा कॅप्टन.

खेळ साधा आहे. पाच जण इकडे, पाच तिकडे. हल्ला करणाऱ्यांनी शंभर सेकंदांच्या आत गोदामात शिरून बॉम्ब लावायचा. नाही लावला तर फेरी समोरच्यांची. आधी तेरा फेऱ्या जिंकेल तो संघ पुढे. बाकीचे संघ पहिल्या दहा सेकंदांत धडाधड घुसतात. आम्ही गोदामाबाहेरच्या गल्लीत बसून राहायचो. पन्नास सेकंद काही झालं नाही की आतल्यांच्या बोटांना खाज सुटते. एक जण डोकावतो, आमची संघप्रिया त्याला लांबून टिपते. दुसरा बघायला येतो, तोही जातो. मग दादा म्हणायचा, "बघा आता," आणि आम्ही चौघं आत. तो स्वतः गल्लीत राहून आमची पाठ राखायचा. नियम एकच होता, दादा बोलल्याशिवाय कोणी हलायचं नाही. सौरभ मधेच पळायचा आणि शिव्या खायचा.

पण लोकं शिकतात. लागोपाठ दोन स्पर्धा आम्ही पहिल्याच दिवशी हरलो. सौरभने वडापाव खाता खाता सांगून टाकलं, "दादा, राग मानू नकोस. वाशीची पण गेली ना, तर पुढे मी बोलणार. तू फक्त खेळ."

"चालंल की," दादा म्हणाला. पण त्याने वडापाव अर्धाच खाल्ला. हप्त्याचे सहा दिवस त्याला कोणीतरी सांगतं आणि तो ऐकतो. रविवारी तो सांगायचा आणि चार जण ऐकायचे.

वाशीचा सामना रविवारी दुपारी होता. कॅफेत दहा कॉम्प्युटर समोरासमोर, त्यामुळे पलीकडच्यांची फक्त डोकी दिसतात. त्यांचा कॅप्टन विश्वजित, सगळ्यांना एकसारखे टीशर्ट. बारा-बारा झालं. शेवटच्या फेरीत हल्ला आमचा होता.

गल्लीत गेलो. दोन्ही बाजूंना भिंत, समोर गोदामाचं दार. आम्ही पाच जण ओळीत वाकून बसलो.

"थांबा," दादा म्हणाला.

ऐंशी. सत्तर. साठ. कोणी डोकावलं नाही. त्यांनी आमचे जुने सामने पाहिले होते, त्यांना आम्ही पाठ होतो. आत ते बसलेले, बाहेर आम्ही बसलेलो. मागे उभी असलेली पोरं आमच्या खुर्च्यांवरून वाकून बघायला लागली.

पन्नासला विश्वजित समोरून ओरडला, "ओ काका! दारात काय उभे? आत या, चहा टाकलाय!"

सगळे हसले. दादाच्या कानशिलावरून घाम खाली आला, तो त्याने पुसला नाही.

"दादा," सौरभ म्हणाला.

"थांबा."

"दादा, तीस."

"थांबा की."

"दादा, पंचवीस राहिले रे! बोल ना!"

आता 'थांबा'ही आलं नाही. फक्त नाकातला श्वास आला. मी वळून बघितलं. माउसवर दाबलेल्या बोटाचं नख पांढरं पडलं होतं, नजर दारावर. ते दार तो गेजच्या काट्यासारखं बघत होता. वीस. आमचा पाचवा, अभिराम, माझ्या शेजारी पुटपुटायला लागला, "अरे यार, अरे यार." दादाचा "बघा आता" माझ्या गळ्यात तयार होता. हुबेहूब काढला असता आणि तिघं धावले असते. पण आपल्या मित्राचं तोंड चालू असताना त्याची नक्कल करता येते, बंद पडल्यावर नाही करवत. दहा. मला वाटलं, सौरभ तरी उठेल. सौरभ हलला नाही.

पाच, चार, तीन.

शेवटची फेरी आम्ही एकही गोळी न झाडता हरलो. पलीकडच्यांचाही आधी विश्वास बसला नव्हता. मग जो आरडाओरडा झाला त्याची नक्कल मी करणार नाही.

खाली जिन्यात दादाने सौरभला गाठलं. "तू का न्हाई गेलास? एरवी मधीच पळतोस की."

"तू बोलला नाहीस ना!" सौरभचा आवाज फाटला. "दोन वर्षं डोकं खाल्लंस, बोलल्याशिवाय हलायचं नाही. आज नाही हललो. आयुष्यात एकदा तुझं पूर्ण ऐकलं!"

दादा पायरीवर बसला. "कामावर काटा असतोय रे," तो म्हणाला. "उतरला तर उतरला, न्हाईतर पास. हितं मी शेवटपतूर निस्ता काटाच हुडकत हुतो."

"एकच मॅच गेली, दादा," संघप्रिया हळूच म्हणाली. "कॅप्टन तूच राहा."

"ठरलं ते ठरलं. आता सौरभ सांगंल, मी ऐकतो." हे तो इतक्या सहज म्हणाला की कामावर रोज म्हणत असणार.

पुढच्या रविवारी कोपरखैरण्यात सराव झाला. सौरभ नव्या कॅप्टनच्या आवाजात, म्हणजे स्वतःच्याच पण दोन पट्ट्या वर, म्हणाला, "दादा, आज आत पहिला तू." ही शिक्षा होती की मान, देवाला ठाऊक. फेरी सुरू होऊन आठ सेकंद झाले नाहीत तोच तो किंचाळला, "घुसा घुसा घुसा!"

दादा खुर्चीत दचकला आणि धावला. खरंच धावला, दारातून थेट आत.

"डावीकडे, दादा! पेट्यांच्या मागे!"

"कुठल्या पेट्या?"

"अरे डावीकडे रे!"

तो नाकासमोर पळत सुटला तो पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटला. उजवीकडे वळला, भिंत. डावीकडे वळला, खांब. दोन वर्षं आमची पाठ राखत तो बाहेरच राहिला होता. पाठीत तीन गोळ्या बसल्या आणि त्याची स्क्रीन लाल झाली.

त्याने कीबोर्डवरचे हात काढले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाला, "लई मोठं हाय की गं आतनं. नकाशात एवढुसं दिसतंय."

"जोतीदादा, बडबड नको!" सौरभ ओरडला. "पुढच्या राउंडला पण पहिला तूच!"